सापांच्या मुलखात .२२ रिव्हॉल्व्हर: कामाचे किती, ओझे किती

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास या भागांत डोंगर भटकणाऱ्यांची गाठ पडली की एक प्रश्न हमखास निघतो: "सापासाठी कमरेला काय ठेवतोस?" काहीतरी ठेवलेच पाहिजे, हे प्रश्नातच धरलेले असते. मीही काही वर्षे .२२चे छोटे रिव्हॉल्व्हर बाळगले, छर्ऱ्यांची काडतुसे घेतली, नेमाने सराव केला. या काळात रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेले विषारी साप, बरेच दिसले. बार मात्र एकदाही काढावा लागला नाही, आणि त्यात माझे कौतुक काही नाही. हा सगळा अंतराचा हिशोब आहे. तो आधी डोक्यात बसला पाहिजे, मग बाकीच्या पायऱ्यांना अर्थ.

रॅटलस्नेक झेप घेतो ती साधारण स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत. म्हणजे सव्वा मीटरचा चांगला जाडजूड साप तुम्हाला साठ-पासष्ट सेंटीमीटरवर गाठू शकतो, त्यापलीकडे सहसा नाही. .२२ची छर्ऱ्यांची काडतुसे नीट काम करतात ती दोन, फार तर तीन मीटरपर्यंत. आता बघा: छर्रे कामाचे ठरतात त्या अंतरावर साप तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, एक पाऊल मागे घेतले की विषय संपतो. आणि साप खरोखर पोहोचू शकेल इतक्या जवळ असला, तर त्याची झेप एक दशांश सेकंदाहूनही कमी वेळात पुरी होते. माणसाचा हात होल्स्टरपर्यंत जाईस्तोवर दंश होऊन गेलेला असतो.

मग हे शस्त्र लागते कधी? जिथून मागे हटता येत नाही, किंवा हटून भागत नाही, तिथे. एखादा सोबती पाय मुरगळून खडकांत पडला आहे आणि साप त्याच्या अंगाजवळून हलत नाही. किंवा खुराड्यात, गोठ्यात साप शिरला आहे आणि साप पकडणारा माणूस कित्येक मैलांवर आहे. असे प्रसंग मोजकेच. त्यांतही लांब काठी आणि थोडा धीर पुष्कळदा पुरतो. पुढचे सगळे या मोजक्या प्रसंगांसाठी आहे, आणि त्याहून जास्त ते प्रसंग येऊच नयेत यासाठी.

आधी कायदा

सगळ्यांत आधी व्हिसा. अमेरिकेत एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. विकत घेणे तर सोडाच, मित्राचे रिव्हॉल्व्हर आपल्या पिशवीत ठेवणेही यात येते. याला मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. पण त्या वाटेने जायचे तर आधी वकिलाला विचारा, मित्राला नको. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही.

दुसरी गोष्ट जागेची. राष्ट्रीय उद्यानांत शस्त्र बाळगण्याची मुभा २२ फेब्रुवारी २०१० पासून मिळाली, तीही त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे. लोक इथे गल्लत करतात. बाळगायला परवानगी आहे, झाडायला नाही. ग्रँड कॅन्यनच्या पायवाटेवर "साप होता" म्हणून बार काढलात तर तो गुन्हाच. शिवाय उद्यानाच्या कार्यालयात, माहिती केंद्रात, कुठल्याही केंद्रीय इमारतीत शस्त्र नेता येत नाही. राष्ट्रीय वनांत, म्हणजे नॅशनल फॉरेस्टमध्ये, नियम थोडे सैल आहेत. तरी घर, तंबूची जागा किंवा माणसांची वर्दळ यांच्या १५० यार्डांच्या आत, आणि रस्त्यावरून किंवा पाण्यावरून पलीकडे, गोळी झाडता येत नाही. राज्याराज्यांचे कायदे वेगळे, आणि पायवाट कधी सीमा ओलांडते ते कळतही नाही. निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे नियम वाचा.

तिसरी गोष्ट सापाची. साप म्हणजे वाटेल तेव्हा मारण्याची वस्तू नव्हे. टिंबर रॅटलस्नेकला कित्येक राज्यांत संरक्षण आहे. ईस्टर्न मॅसासॉगा हा छोटा रॅटलस्नेक २०१६ पासून धोक्यातल्या जातींच्या केंद्रीय यादीत आहे. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या काहींना हात लावता येत नाही, आणि बाकीच्यांसाठीही शिकारीचा परवाना लागतो. जीव वाचवताना मारलेला साप आणि चिडून मारलेला साप यांत कायदा फरक करतो, आणि तो करायलाच हवा.

पाय, हात, डोळे

खरे संरक्षण इथे आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

घोट्याच्या वर जाणारे जाड चामड्याचे बूट आणि सैलसर जीन्स. सैलसर यासाठी की दात कापडात अडकतात आणि विषाचा काही भाग कापडातच मुरतो. गवत गुडघ्यापर्यंत असेल तर सापांसाठीचे खास गेटर मिळतात, ते पोटरीवर बांधा. उन्हाळ्यात ते नकोसे होतात हे खरे. मी ते फक्त पायवाट सोडून चालायचे असेल तेव्हा घालतो.

पाऊल ठेवाल तिथे आधी नजर ठेवा. आडवे पडलेले ओंडके ओलांडून एकदम पलीकडे पाय टाकू नका. ओंडक्यावर चढा, पलीकडे बघा, मग उतरा. पलीकडच्या सावलीत वेटोळे घालून बसणे ही रॅटलस्नेकची आवडती जागा, कारण उंदीर ओंडक्याच्या कडेनेच धावतात. खडक चढताना हात न दिसणाऱ्या कपारीत घालायचा नाही. बसण्यापूर्वी दगडाभोवती काठी फिरवा. लाकडे गोळा करताना आधी काठीने सरकवा, मग उचला. रात्री तंबूतून बाहेर पडताना टॉर्च हवाच, दोन पावलांसाठी असला तरी. बूट तंबूच्या आत ठेवा, आणि बाहेर राहिलेच तर झटकून घाला.

वेळेचाही विचार करा. वसंतात आणि शरदात साप दिवसा ऊन खायला निघतात, भर उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी आणि रात्री फिरतात, कारण दुपारची तापलेली जमीन त्यांनाही सोसत नाही. "दुपारी ऊन आहे, साप बाहेर असतील" हा समज जुलैत उलटा ठरतो. कानांत इअरफोन घालून चालू नका, कारण खुळखुळा ऐकू यायला हवा. तो वाजेलच असेही नाही. कित्येक साप शेवटपर्यंत गप्प राहतात, आणि नवजात पिल्लाला शेपटीवर एकच बोंड असते, त्याचा आवाज होत नाही. (खुळखुळ्याची कडी मोजून सापाचे वय सांगणारे भेटतात. कात टाकली की एक कडी वाढते, कात वर्षातून अनेकदा टाकली जाते आणि जुन्या कड्या तुटतातही, त्यामुळे तो हिशोब कधीच जुळत नाही.)

कुत्रा असेल तर साखळीवर. मोकळा कुत्रा साप हुंगायला नाक पुढे करतो, आणि त्याला वाचवायला धावलेला मालक सापाच्या आणखी जवळ जातो.

साप समोर आला

थांबा. आवाज कुठून येतो ते कळेपर्यंत हलू नका. खुळखुळ्याचा आवाज दिशेच्या बाबतीत फसवा असतो, आणि घाईने मागे टाकलेले पाऊल दुसऱ्याच सापावर पडू शकते. साप दिसला की सावकाश मागे सरका, दोन-तीन मीटर अंतर घ्या. बस्स. साप पाठलाग करत नाही. तो तुमच्या दिशेने सरकलाच तर बहुतेक वेळा तुमच्या मागे असलेल्या झुडपाकडे किंवा बिळाकडे निघालेला असतो. बाजूला व्हा, त्याला वाट द्या. वाट अडवून बसला असेल तर वळसा घाला किंवा थांबा.

आणि ओळख पटेपर्यंत निवाडा करू नका. बिनविषारी गोफर स्नेक वाळल्या पाचोळ्यात शेपटी थरथरवतो आणि हुबेहूब रॅटलस्नेकसारखा वाजतो. बिनविषारी पाणसाप विषारी कॉटनमाउथ समजून मारले जातात. किंगस्नेक तर चक्क रॅटलस्नेक खातो, त्याला मारणे म्हणजे आपला पहारेकरी मारणे. साप साप म्हणून भुई धोपटायची हौस असलेल्याच्या हातात रिव्हॉल्व्हर आले, तर भुई धोपटून भागत नाही, कोणाच्या तरी पायाचा बळी जातो.

शस्त्र आणि काडतूस

इथवर येऊनही बाळगायचे ठरले, तर रिव्हॉल्व्हर घ्या, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल नको. छर्ऱ्यांच्या काडतुसाचा धक्का साध्या गोळीपेक्षा वेगळा असतो. त्याने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुरेशी मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये असली भानगड नाही, चाप पुन्हा ओढला की पुढचा कप्पा नळीसमोर येतो.

.२२ म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या बावीस शतांश, साधारण ५.६ मिलिमीटर. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८०च्या दशकापासून आहे. त्याच्या छर्ऱ्यांच्या प्रकारात गोळीऐवजी प्लॅस्टिकच्या टोपीत बारा नंबरचे बारीक छर्रे असतात, प्रत्येकी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, सगळे मिळून जेमतेम दोन ग्रॅम. हे छर्रे जवळून सापाच्या डोक्यावर बसले तर काम करतात, चार-पाच मीटरवरून नुसता साप जखमी होतो. जखमी साप अधिक धोक्याचा, आणि ते क्रूरही. शिवाय पिस्तुलाच्या नळीत आटे, म्हणजे पिळदार खाचा, असतात. गोळीला ते सरळ ठेवतात, पण छर्ऱ्यांना गरगर फिरवून बाहेर फेकतात, त्यामुळे छर्ऱ्यांचे कडे तयार होते आणि मधोमध, म्हणजे नेम धरला नेमके तिथे, पोकळी राहते. अंतर वाढेल तशी ती पोकळी मोठी होते.

.३८ स्पेशल या मोठ्या मापाची छर्ऱ्यांची काडतुसे यापेक्षा बरी, त्यांत छर्रे जास्त मावतात. टॉरसचे जज आणि स्मिथ अँड वेसनचे गव्हर्नर ही रिव्हॉल्व्हरे .४१० शॉटगनचे काडतूसही घेतात, त्यांचा मारा आणखी भरीव. पण ती जड. दिवसभर चालणारा माणूस तिसऱ्या दिवशी ती गाडीत ठेवून निघतो. .२२चा मोठा गुण हाच की ते खरोखर सोबत राहते.

पहिल्या दोन कप्प्यांत छर्रे आणि पुढे गोळ्या, अशी मिसळ भरण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. घाबरलेल्या क्षणी आता नळीसमोर काय येणार हे आठवत नाही. त्यात स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र, म्हणजे कप्पे असलेला फिरता भाग, मागून पाहिल्यास डावीकडे फिरते, कोल्टचे उजवीकडे. उलटा भरणा केलात तर छर्ऱ्यांच्या जागी गोळी सुटते. साधी .२२ची गोळी क्षुल्लक समजू नका. ती दीड मैलापर्यंत जाऊ शकते. मऊ शिशाची ती गोळी खडकावरून, इतकेच काय पाण्यावरूनही, उसळते. पायाजवळच्या सापावर झाडायची म्हणजे खडकाळ जमिनीवरच झाडायची. म्हणून सापासाठी निव्वळ छर्रे, सगळ्या कप्प्यांत.

सराव

नवे शस्त्र घेऊन थेट डोंगरात जाणे म्हणजे पोहायला शिकण्यापूर्वी नदी ओलांडणे. आधी रेंजवर, प्रशिक्षकासमोर. चार नियम अंगवळणी पडेपर्यंत पुढे जायचे नाही: प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे धरा, नळी कधीही जिवंत गोष्टीकडे नको, नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. सापाच्या बाबतीत दुसरा नियम सगळ्यांत लवकर मोडतो, कारण होल्स्टरमधून काढलेली नळी खाली वळते ती स्वतःच्या मांडीवरून आणि पावलावरून. रिकाम्या रिव्हॉल्व्हरने ही एकच हालचाल शेकडो वेळा करा: उपसले, पुढे नेले, मग खाली. रिकामे आहे हे दोनदा तपासून. .२२ मात्र रिकामे चालवताना आत नकली काडतुसे भरा, नाहीतर घोड्याची पिन कप्प्याच्या कडेवर आदळून ती खराब होते.

मग मोठा पुठ्ठा लावा आणि तुमच्याच नळीतून, तुम्ही बाळगणार तीच काडतुसे एक मीटर, दोन मीटर, तीन मीटरवरून झाडून बघा. प्रत्येक पुठ्ठ्यावर अंतर लिहून ठेवा. छर्ऱ्यांमध्ये मुठीएवढ्या मोकळ्या जागा दिसू लागतात ते अंतर तुमच्यासाठी बाद. माझ्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा तीन मीटरचा पुठ्ठा बघून मी बराच वेळ गप्प उभा होतो.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच. .२२चा आवाज लहान वाटतो, पण आखूड नळीतून तो १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानेही कानाला इजा होऊ शकते. .२२मध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे बार फुसका जाण्याचे प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त. रेंजवर असे झाले तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, तिथे बोट येऊ देऊ नका. सराव संपला की हात धुवा, शिसे पोटात जायला नको.

होल्स्टर असे हवे की चाप पूर्ण झाकला जाईल आणि वाकले, घसरले तरी शस्त्र पडणार नाही. पाठपिशवीचा पट्टा त्याला अडतो का, ते घरीच पाठपिशवी घालून तपासा. खिशात किल्ल्यांसोबत सुटे रिव्हॉल्व्हर ठेवू नका. जुन्या धाटणीच्या सिंगल-ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवा, कारण अशी शस्त्रे दगडावर पडून सुटतात.

झाडायचीच वेळ आली तर

आधी मोठ्याने सांगा, सोबत्यांना आपल्या मागे घ्या. साप आणि माणूस एकाच रेषेत असतील तर झाडायचे नाही, मग साप कितीही जवळ असो. छर्रेही खडकावरून उसळतात आणि डोळा घालवायला तेवढे पुरते. मागे माती किंवा वाळू येईल असा कोन घ्या. झेपेच्या टप्प्याबाहेर, पण दोन मीटरच्या आत उभे राहा, डोक्यावर नेम धरा. एका बाराने भागले नाही तर दुसरा. मग बोट बाहेर, नळी खाली, शस्त्र होल्स्टरमध्ये. बघत बघत, घाई न करता. लोक स्वतःच्या पायात गोळी घालून घेतात ते बहुतेक याच क्षणी.

मेलेल्या सापाला हात लावू नका. तोडलेले डोकेसुद्धा तासभर, कधी त्याहून जास्त वेळ चावू शकते. २०१८मध्ये टेक्सासात एकाने मुंडके तोडलेला रॅटलस्नेक उचलून टाकायला हात घातला आणि ते मुंडके डसले. त्याला प्रतिविषाच्या सव्वीस मात्रा द्याव्या लागल्या. लांब दांड्याच्या फावड्याने खड्डा करून डोके पुरा.

दंश झालाच तर

अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले साधारण पाच दगावतात. हा आकडा एवढा लहान आहे तो वेळेवर मिळालेल्या उपचारांमुळे. म्हणून सापामागे धावण्यात एक मिनिटही घालवू नका. सापापासून दूर व्हा आणि ९११ला फोन करा. सल्ल्यासाठी विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ज्या दऱ्यांत फोनला रेंज नसते, तिथे जाण्याआधी उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घ्या; रिव्हॉल्व्हर आणि ते यंत्र यांतले एकच परवडणार असेल तर यंत्र घ्या.

अंगठी, घड्याळ, घट्ट बूट लगेच काढा, सूज चढली की ते निघत नाहीत. हात किंवा पाय हृदयाच्या पातळीच्या आसपास स्थिर ठेवा. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहा, आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांना त्यावरून विष किती वेगाने पसरते ते कळते. कापायचे नाही, चोखायचे नाही, बर्फ लावायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही. विष ओढणारे पंप दुकानांत मिळतात, ते कुचकामी आहेत. दारू नको, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनही नको, कारण रक्त गोठण्याची यंत्रणा आधीच बिघडलेली असू शकते. सापाचा लांबून फोटो निघाला तर ठीक, न निघाला तरी अडत नाही. रॅटलस्नेक, कॉपरहेड आणि कॉटनमाउथ या तिघांवर क्रोफॅब आणि ॲनाविप ही प्रतिविषे चालतात. कोरल स्नेकचे प्रतिविष वेगळे, आणि त्याच्या दंशाची लक्षणे कित्येक तासांनी उमटतात. दुखत नाही म्हणून घरी जाऊन झोपायचे नाही.

काही दंश कोरडे असतात, म्हणजे विष उतरतच नाही. पण ते ठरवायचे इस्पितळात, निरीक्षणाखाली.

आणि दंश तुम्हालाच झाला असेल, तर कमरेचे रिव्हॉल्व्हर तेव्हाच सोबत्याच्या हाती द्या. ते कसे रिकामे करायचे हे त्याला निघण्यापूर्वीच शिकवलेले असू द्या. सुजलेल्या बोटांनी, चक्कर येत असताना ते काम तुमच्याने होणार नाही. एकटे असाल तर ९११वर सांगतानाच कळवा की अंगावर शस्त्र आहे, कुठे आहे आणि भरलेले आहे का. मदत पोहोचेल तेव्हा दोन्ही हात दिसतील असे ठेवा आणि शस्त्राला स्वतः हात न लावता, ते कुठे आहे एवढेच सांगा.